फेस एक, कुळें दोन

जखमेवर हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलें असतां पांढरा फेस येतो, हें आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिलें असेल. आज मी त्या फेसाचा इतिहास सांगणार आहें.

सुमारें चाळीस वर्षांपूर्वींची गोष्ट आहे. मी एका खेड्यांतील प्राथमिक शाळेंत शिक्षक होतों. मधल्या सुट्टींत हुतूतू खेळतांना एक मुलगा गुडघ्यावर आपटला आणि त्याचा गुडघा चांगलाच सोलवटला. शाळेच्या औषधपेटींत पेरॉक्साइडची बाटली होती. तींतील थोडें मीं जखमेवर ओतलें. भसाभसा फेस वर आला. तो पाहून मुलगा रडावयाचें विसरला व त्यानें मला विचारलें, "गुरुजी, हा फेस कुठून आला?" मीं क्षणाचाहि विचार न करतां उत्तर दिलें, "घाण उकळून वर येते आहे." मुलाचें समाधान झालें. भोंवतीं जमलेल्या वर्गाचेंहि झालें. गुरुजींनीं सांगितलें म्हणजे तें खरेंच असणार!

श्रोतेहो, तें उत्तर साफ चुकीचें होतें. तो फेस घाणीचा नव्हता. तो त्या मुलाच्या स्वतःच्या रक्तानें काढलेला होता. हें मला पुष्कळ वर्षांनीं कळलें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला मनुष्य. रसायनशास्त्राचें माझें ज्ञान तेवढेंच. सेवानिवृत्तीनंतर मात्र हातीं वेळ आला, आणि माझी एक भाची महाविद्यालयांत सूक्ष्मजंतुशास्त्र शिकविते, तिनें पुस्तकें पुरविलीं. जेथें अडलें तेथें तिनें हात धरून पुढें नेलें. त्या वाचनांतून जें हातीं लागलें तें आपणांपुढें ठेवितों. या विषयाशीं माझा आणखीहि एक संबंध आहे. तो शेवटीं सांगेन.

हायड्रोजन पेरॉक्साइड हा पदार्थ फ्रान्समधील थेनार या रसायनशास्त्रज्ञानें १८१८ सालीं प्रथम तयार केला. पाण्याच्या रेणूंत प्राणवायूचा एक अणु असतो, यांत दोन असतात. आणि तो जास्तीचा अणु सोडून देण्यास हा रेणु सदैव उत्सुक असतो. प्राण्यांच्या शरीरांतील कांहीं पदार्थांचा स्पर्श होतांच त्यांतून प्राणवायूचे बुडबुडे निघूं लागतात, हेंहि थेनारच्याच ध्यानांत आलें. पुढें सुमारें ऐंशी वर्षें हा गुण सर्वच सजीव पदार्थांचा आहे असें समजण्यांत येत असे. १९०१ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांत तंबाखूच्या पानांवर काम करीत असतांना ऑस्कर लोव यानें दाखवून दिलें कीं, हें काम एका विशिष्ट विकराचें आहे. विकर म्हणजे ज्याला इंग्रजी शिकलेले लोक एन्झाइम म्हणतात तें. स्वतः न खर्चतां दुसऱ्या पदार्थांत घडामोड करणारें शरीरांतील द्रव्य. लोव यानें त्या विकरास कॅटलेज हें नांव दिलें. पेरॉक्साइड फोडून पाणी आणि प्राणवायु वेगळे करावयाचे, हा त्याचा धंदा. याच्याच शेजारीं पेरॉक्सिडेज नांवाचीं दुसरीं विकरें होतीं. तीं पेरॉक्साइडचा प्राणवायु वायां न दवडतां त्याच्या बळावर तिसऱ्याच एखाद्या पदार्थाचें ज्वलन घडवितात. नांवें मिळालीं; परंतु हीं विकरें कशाचीं बनलेलीं आहेत, हें कोणासच ठाऊक नव्हतें. त्याचें उत्तर भलत्याच दिशेनें आलें.

इंग्लंडांत वुल्वरहॅम्प्टन या गांवीं मॅकमन नांवाचा एक आयरिश डॉक्टर होता. दिवसभर रोगी तपासावे आणि उरल्या वेळांत सूक्ष्मदर्शकाला वर्णपटदर्शक जोडून प्राण्यांच्या मांसपेशींतून येणारा प्रकाश न्याहाळावा, हा त्याचा छंद. रंगीत पदार्थांतून प्रकाश गेला म्हणजे इंद्रधनुष्याच्या पट्ट्यांत ठराविक जागीं काळ्या रेघा पडतात; त्या रेघांवरून पदार्थ ओळखतां येतो. मॅकमनला स्नायूंमध्यें अशा कांहीं रेघा दिसल्या कीं, त्या रक्तांतील हीमोग्लोबिनच्या नव्हत्या. ज्या कीटकांच्या अंगांत तांबडें रक्तच नसतें, त्यांच्याहि स्नायूंत त्या होत्या. यावरून त्यानें १८८४ ते १८८६ या काळांत असें प्रतिपादन केलें कीं, पेशींना स्वतःचें असें एक रंगद्रव्य आहे व तें श्वसनाच्या कामीं येतें.

या विषयांतील त्या वेळचे सर्वांत मोठे आचार्य म्हणजे जर्मनींतील होप-झायलर. हीमोग्लोबिन हें नांवच मुळीं त्यांनीं १८६४ सालीं दिलेलें. मॅकमनला दिसलें तें निराळें द्रव्य नसून बिघडलेलें हीमोग्लोबिनच होय, असा त्यांच्या पक्षाचा आक्षेप होता. वाद होप-झायलर यांच्या स्वतःच्याच मासिकांतून चालला, आणि १८९० सालीं आतां अधिक चर्चेची जरुरी नाहीं अशा आशयाची टीप जोडून त्यांनीं तो मिटविला. मॅकमनची बाजूहि सर्वस्वीं निर्दोष नव्हती. कबुतराच्या छातीच्या स्नायूंतून आपण हें द्रव्य वेगळें काढलें असें तो म्हणे, तें खरोखरच हीमोग्लोबिनपासून झालेलें होतें. परंतु जिवंत स्नायूंत त्याच्या डोळ्यांना जें दिसलें तें खरें होतें. एका चुकीपायीं त्याचें सारेंच म्हणणें बाद ठरलें. १९११ सालीं तो वारला, तेव्हां त्याच्या रेघा विद्वानांच्या विस्मरणांत गेलेल्या होत्या.

त्या रेघा पुन्हां दिसल्या त्या डेव्हिड केलिन यांना. केलिन हे केंब्रिज येथें परोपजीवी कीटकांचा अभ्यास करीत. घोड्याच्या पोटांत एका माशीच्या अळ्या वाढतात. त्या अळ्यांत हीमोग्लोबिन असतें. अळीची माशी झाली म्हणजे त्याचें काय होतें, हें पाहण्यासाठीं त्यांनीं माशीचे छातीचे स्नायु वर्णपटदर्शकाखालीं ठेविले. तेथें चार रेघा दिसल्या. मग दुसरे कीटक पाहिले, यीस्ट पाहिलें, जंतु पाहिले. जवळजवळ सर्वत्र त्याच जातीच्या रेघा! एके दिवशीं ते यीस्टच्या पाण्यांतील रेघा पाहत होते. त्यांनीं नळी खळखळून हालविली आणि पुन्हां पाहिलें तों रेघा नाहींशा झालेल्या. थोडा वेळ नळी स्तब्ध ठेवितांच रेघा परत आल्या. हालविल्यानें पाण्यांत हवा मिसळली, हवेंतील प्राणवायूनें रंगद्रव्याचें रूप पालटलें. आणि यीस्टनें तो प्राणवायु वापरून संपवितांच पूर्वीचें रूप परत आलें. जिवंत पेशी श्वास घेत असतांना मनुष्यानें डोळ्यांनीं पाहिली ती अशी. १९२५ सालीं केलिन यांनीं हें प्रसिद्ध केलें, त्या रंगद्रव्याला सायटोक्रोम असें नांव दिलें, आणि हें प्रथम मॅकमननें पाहिलें होतें असें मोकळ्या मनानें लिहून त्या दिवंगत डॉक्टरास न्याय दिला.

मॅकमनच्या रेघा, रक्ताचा तांबडा रंग आणि पेरॉक्साइडचा फेस या तिन्ही गोष्टी एका सूत्रांत ओंवल्या गेल्या त्या यानंतर. १९३० सालीं त्साइले व हेलस्ट्रॉम यांनीं यकृतांतील कॅटलेजमध्यें हीम आहे असें दाखविलें. १९३७ सालीं केलिन व मान यांनीं पेरॉक्सिडेजविषयीं तेंच सांगितलें. त्याच वर्षीं अमेरिकेंत समनर व डाउन्स यांनीं बैलाच्या यकृतांतून कॅटलेजचे स्फटिक काढून दाखविले. हीमोग्लोबिन, सायटोक्रोम, कॅटलेज, पेरॉक्सिडेज. या सर्वांच्या पोटांत तेंच एक हीम निघालें.

हें हीम आहे तरी काय? अंगठींत खडा बसवावा तशी त्याची रचना आहे. कर्ब व नत्र यांचें एक सपाट कडें असतें. कड्याच्या मधोमध चार नत्राणूंनीं धरलेला लोहाचा एक अणु असतो. चार हातांनीं तो कड्याला धरून असतो. उरतात दोन हात. एक हात खालच्या बाजूनें प्रथिनाला धरतो. दुसरा वरच्या बाजूस मोकळा असतो व त्यावर प्राणवायु किंवा पेरॉक्साइड येऊन बसतें. हीम एकच, पण तें कोणत्या प्रथिनाच्या कोंदणांत बसलें आहे त्यावर त्याचें काम ठरतें. एका कोंदणांत तें प्राणवायु वाहून नेतें, दुसऱ्यांत फेस काढतें, तिसऱ्यांत रंग उडवितें.

आतां मनांत सहज प्रश्न येतो. ज्यांच्या सर्वांच्या पोटांत एकच रत्न, तीं सर्व एकाच घराण्यांतलीं असतील काय? निदान जीं एकच काम करतात तीं तरी एकमेकांचीं भाऊबंद असतील ना? विद्वानांनाहि असेंच वाटणें स्वाभाविक होतें. परंतु आपल्याच समाजांतील आडनांवांकडे पाहा. कुलकर्णी, देशपांडे, पाटील हीं नांवें मूळचीं वतनाचीं, म्हणजे कामाचीं. दोन कुलकर्णी भेटले म्हणजे ते नातलगच असतील असें आपण धरीत नाहीं. गोत्र विचारतों, मूळ गांव विचारतों. कॅटलेज आणि पेरॉक्सिडेज हींहि कामावरून पडलेलीं आडनांवेंच आहेत. तेव्हां गोत्र विचारणें प्राप्त होतें.

प्रथिनाचें गोत्र दोन प्रकारांनीं कळतें. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या मण्यांची माळ. दोन माळांतील मण्यांचा क्रम ताडून पाहिला असतां त्या एका मूळ माळेपासून निघाल्या कीं काय हें समजतें. १९६७ सालीं फिच व मार्गोलियाश यांनीं वीस जातींच्या जीवांतील सायटोक्रोम-सी या प्रथिनांचे क्रम ताडून त्यांची वंशावळ मांडली. मनुष्य, घोडा, कोंबडी, यीस्ट अशी सारी मंडळी त्या एका झाडावर बसलीं. दुसरा प्रकार म्हणजे स्फटिकावर क्ष-किरण सोडून माळेची घडी कशी पडली आहे तें पाहणें. कोट्यवधि वर्षांत मणी इतके बदलतात कीं क्रमावरून नातें ओळखूं येत नाहीं, तरी घडी टिकून राहते. पणतूचें तोंड पणजोबासारखें नसलें तरी चालण्याची ढब तीच असावी, तसें हें आहे. रोडोस्पिरिलम नांवाच्या जांभळ्या जंतूंतील सायटोक्रोमची घडी १९७३ सालीं उलगडली, तेव्हां ती घोड्याच्या हृदयांतील सायटोक्रोमच्या घडीशीं जुळती निघाली!

विकरांची पाळी त्यानंतर आली. १९८० सालीं पूलोस, क्राउट आणि त्यांचे सहकारी यांनीं यीस्टमधील एका पेरॉक्सिडेजची घडी प्रसिद्ध केली. लगेच १९८१ सालीं बैलाच्या यकृतांतील कॅटलेजची घडी उजेडांत आली. दोन्ही शेजारीं ठेवून पाहतां त्यांत कांहीं साम्य नाहीं. पेरॉक्सिडेजची माळ बहुतेक सर्व मळसूत्रासारखी पिळलेली, आणि तिच्यांतील हीमचा लोहाणु हिस्टिडीन या अमिनो आम्लानें खालून धरलेला. कॅटलेजमध्यें पट्ट्यांचें पिंप वळलेलें, आणि लोहाणूला धरणारें टायरोसीन. १९८५ सालीं तिसरी तऱ्हा दिसली. कापूर खाऊन जगणारा एक जंतु आहे. कापराचें ज्वलन घडविणारें त्याचें विकर पी-४५० या नांवाच्या कुळांतलें. त्यांत लोहाणूला धरणारें सिस्टीन निघालें व घडी तिसरीच निघाली. हीम एकच, पण कोंदणें करणारे सोनार निरनिराळे!

पेरॉक्सिडेजांचें गोत्र लावण्याचें मोठें काम कोपनहेगनच्या कारेन वेलिंडर या विदुषींनीं केलें. हॉर्सरॅडिश नांवाच्या मोहरीच्या कुळांतील तिखट मुळांतलें पेरॉक्सिडेज प्रयोगशाळांत फार वापरलें जाई. त्याच्या मण्यांचा क्रम त्यांनीं १९७६ सालींच लाविला होता. पुढें यीस्टमधील विकर, लांकूड कुजविणाऱ्या बुरशींतील विकर, वनस्पतींतील विकर आणि जंतूंतील विकर यांचे क्रम एकत्र ठेवून १९९२ सालीं त्यांनीं दाखवून दिलें कीं, हीं एकाच कुळाच्या तीन शाखा आहेत. पहिली शाखा पेशीच्या आंतलें काम पाहणारी, दुसरी बुरशींनीं बाहेर सोडलेल्या विकरांची, तिसरी वनस्पतींनीं बाहेर सोडलेल्या विकरांची.

यांतील पहिल्या शाखेंत एक चमत्कारिक पाहुणा निघाला. जंतूंमध्यें असें एक विकर आहे कीं तें पेरॉक्सिडेजचें काम करतेंच, पण कॅटलेजचा फेसहि जोरानें काढतें. तें तयार करणाऱ्या जनुकाचें नांव कॅट-जी. विकरालाहि त्याच नांवानें ओळखतात. फेस काढतें म्हणून त्याला कॅटलेजांच्या पंगतींत बसविण्याचा मोह कोणासहि झाला असता. परंतु मण्यांचा क्रम व घडी सांगते कीं तें अंतर्बाह्य पेरॉक्सिडेज आहे. यकृताच्या कॅटलेजशीं त्याचें कांहीं नातें नाहीं. त्याची माळहि दुप्पट लांब. पूर्वीं केव्हां तरी मूळ जनुकाची नक्कल झाली आणि दोन प्रती एकमेकींना जोडल्या गेल्या. पहिल्या अर्ध्यांत हीम आहे व काम तोच करतो. दुसऱ्या अर्ध्यानें आपलें हीम गमावलें आणि तो आतां नुसता पहिल्याला आधार देऊन उभा आहे. मग पेरॉक्सिडेजच्या घरांत फेस काढण्याची कला आली कोठून? सन २००२ पासून या विकरांच्या घड्या उलगडूं लागल्या, तेव्हां हीमच्या शेजारीं मेथिओनीन, टायरोसीन व ट्रिप्टोफॅन हीं तीन अमिनो आम्लें एकमेकांना डाग देऊन जोडल्यासारखीं आढळलीं. हा सांधा मोडला तर फेस काढण्याची शक्ति जाते, पेरॉक्सिडेजचें काम मात्र राहतें. म्हणजे यकृताच्या कॅटलेजनें जी विद्या एका रीतीनें संपादन केली, तीच या कुळानें स्वतंत्रपणें दुसऱ्या रीतीनें संपादन केली. फेस एक, कुळें दोन.

याच्या उलट प्रकारहि झाला. १९९९ सालीं जपानमध्यें किम आणि शोडा यांनीं एका बुरशींतून कापडाचे रंग उडविणारें पेरॉक्सिडेज शुद्ध केलें. काम पेरॉक्सिडेजचें, लोहाणूला धरणारें हिस्टिडीनच. तेव्हां वेलिंडर यांच्या कुळांतच तें बसेल असें वाटावें. पण क्रम जुळेना, आणि घडी उलगडली ती अगदींच निराळी. पुढें जंतूंच्या जनुकांची मोजदाद होऊं लागली तेव्हां याच जातीचीं विकरें शेंकड्यांनीं सांपडलीं. हें मुख्यतः जंतूंचेंच घराणें आहे. त्याचा भाऊ म्हणून जें विकर पुढें आलें तें १९९६ सालीं हॉलंडमध्यें व्हान गिंकेल व त्यांचे सहकारी यांना सांपडलेलें. क्लोराइट नांवाचें विष फोडून त्यांतून प्राणवायु मोकळा करणें हें त्याचें काम. एक रंग उडवितो, दुसरा विष फोडतो. धंद्यांत साम्य नाहीं, तरी घडी पाहतां एकाच मायेचीं लेंकरें.

या घराण्याची तिसरी पाती तर सर्वांत नवलाची. कित्येक जंतूंमध्यें क्लोराइटचा गंधहि नसतो, तरी क्लोराइट फोडणाऱ्या विकराची आकृति त्यांच्यांत आढळे. हें तेथें करतें काय? २०१० सालापासून अमेरिकेंत डेली यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं याचा छडा लावला. अशा जंतूंत हें विकर दुसरें कांहीं करीत नसून हीम तयार करण्याच्या कामांतील अखेरचा हात तें फिरवितें. ज्या रत्नासाठीं इतकीं कोंदणें घडलीं, तें रत्न घडविणारा कारागीरहि त्यांच्यांपैकींच एका घराण्याचा निघाला. क्षयाचा जंतु हा अशा जंतूंपैकींच एक आहे. ही गोष्ट श्रोत्यांनीं ध्यानांत ठेवावी.

२०१५ सालीं व्हिएन्ना येथील झामोत्स्की, ओबिंगर वगैरे मंडळींनीं हा सारा पसारा आवरून हीमयुक्त पेरॉक्सिडेजांचीं चार महाघराणीं मांडलीं. तीं परस्परांपासून निघालेलीं नाहींत. चारी स्वतंत्रपणें उदयास आलीं. आपल्या दुधांतील पेरॉक्सिडेज आणि पुवाला हिरवट छटा आणणारें विकर हीं त्यांपैकीं एका घराण्यांतलीं आहेत, आणि त्याहि घराण्याचें मूळ शोधीत गेलें तर जंतूंपर्यंतच पोंचतें. यकृताचें कॅटलेज या चारांहून निराळें, आपल्या जागीं पांचवें.

एकाच कामासाठीं निसर्गानें इतक्या वेळां मेहनत कां घेतली? याचें कारण भूगर्भाच्या इतिहासांत आहे. सुमारें २४० कोटी वर्षांपूर्वीं पृथ्वीच्या हवेंत प्राणवायु प्रथमच सांचूं लागला. आज तो आपणांस अमृतासमान वाटतो. त्या वेळच्या जीवांना तो विषासारखा होता. प्राणवायु पेशींत शिरला कीं त्याच्यापासून पेरॉक्साइड होतें आणि तें आंतल्या आंत जाळपोळ करतें. ज्याच्याजवळ हें विष मारण्याचें साधन होतें तो तगला. लोहाला धरलेलें हीम हें त्या कामाला सर्वांत सोयीचें हत्यार. गांवावर पूर आला म्हणजे ज्याला जी फळी सांपडेल ती धरून तो तरतो, त्याप्रमाणें निरनिराळ्या प्रथिनांनीं तेंच हीम आपापल्या परी धरलें.

श्रोतेहो, येथवरचा इतिहास कोणास केवळ विद्वानांचा खेळ वाटेल. म्हणून माझा जो संबंध शेवटीं सांगेन म्हणालों होतों तो आतां सांगतों. वयाच्या तिशीच्या सुमारास मला क्षयाची बाधा झाली. सहा महिने गोळ्या घेतल्या. लघवी लाल होई, तोंडाची चव गेली होती, आणि शाळेंतील मुलांपासून दूर बसावें लागे याचें दुःख सर्वांत अधिक होतें. त्या गोळ्यांत आयसोनियाझिड नांवाचें एक औषध होतें. मी बरा झालों आणि नंतर कित्येक वर्षें शिकविलें.

हें औषध १९१२ सालीं प्राग येथें प्रथम तयार झालें. पण तें क्षयावर चालतें हें कळावयास चाळीस वर्षें लागलीं. १९५२ सालापासून तें रोग्यांना मिळूं लागलें. १९५६ सालीं मद्रासला जें क्षयोपचार केंद्र निघालें तेथें हें औषध दुसऱ्या एका औषधाच्या जोडीनें देऊन सिद्ध करण्यांत आलें कीं, रोग्याला आरोग्यधामांत नेऊन ठेवलें नाहीं तरी तो घरच्या घरीं तितकाच बरा होऊं शकतो. १९५९ सालीं तो निष्कर्ष प्रसिद्ध झाला. माझ्यासारख्या पगारदार माणसाला गांव न सोडतां उपचार घेतां आले, त्याच्या मुळाशीं तो प्रयोग आहे.

परंतु कांहीं रोग्यांवर औषध चालेनासें होई. १९५४ सालीं मिडलब्रुक या अमेरिकन संशोधकाला आढळलें कीं, ज्या क्षयजंतूंवर आयसोनियाझिडचा परिणाम होत नाहीं, त्यांतील पुष्कळांची फेस काढण्याची शक्ति गेलेली असते. पेरॉक्साइड टाकावें तर साधे जंतु फेसाळतात, हे मात्र थंड राहतात. फेसाचा आणि औषधाचा काय संबंध? हें कोडें अडतीस वर्षें पडून होतें. १९९२ सालीं झँग, कोल आणि त्यांचे सहकारी यांनीं तें सोडविलें. आयसोनियाझिड हें मुळांत विषच नव्हे. तें नुसतें कुलूपबंद विष आहे. जंतूच्या पोटांत गेल्यावर त्याचें कुलूप उघडतें तें कॅट-जी हें विकर. कुलूप उघडल्यावर तें विष जंतूच्या अंगावरील मेणचट कवचाची घडण बंद पाडतें आणि जंतु मरतो. क्षयजंतूजवळ फेस काढणारें हीमयुक्त विकर तेवढें एकच आहे. तें त्यानें टाकून दिलें कीं फेसहि जातो आणि औषधहि निकामी होतें.

येथें कुळाचा प्रश्न किती मोलाचा आहे तें ध्यानीं येईल. कॅट-जी हें जर यकृताच्या कॅटलेजचें भाऊबंद असतें, तर तें कुलूप आपल्या शरीरांतहि त्याच रीतीनें उघडलें जाण्याची भीति होती. पण तें निराळ्या कुळाचें आहे, आणि तें कूळ आपल्या शरीरांत नाहीं. त्या मुलाच्या गुडघ्यावर फेस काढणारें विकर आणि माझ्या छातींतील जंतूच्या पोटांत फेस काढणारें विकर दिसावयास सारखीं; गोत्रें मात्र भिन्न. त्या भेदाच्या फटींतून औषध आंत शिरलें आणि मी वांचलों.

जंतु तरी स्वस्थ बसेल कसा? विकर समूळ टाकून दिलें तर रोग्याच्या शरीरांतील पेरॉक्साइडपासून त्याचें स्वतःचें रक्षण होत नाहीं, तो दुबळा होतो. म्हणून जगांत सर्वांत अधिक पसरलेल्या औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनीं अधिक धूर्त मार्ग काढला आहे. माळेंतील ३१५ व्या जागीं सेरीन नांवाचा मणी असतो, त्याच्या जागीं थ्रिओनीन बसवावयाचा. एवढ्या एका मण्यानें फेस काढण्याची शक्ति बरीचशी राहते, पण औषधाचें कुलूप उघडत नाहीं. गोळ्या अर्ध्यांत सोडल्या म्हणजे अशाच जंतूंना मोकळें रान मिळतें. बरें वाटूं लागलें म्हणून औषध बंद करूं पाहणाऱ्यास मी हा एका मण्याचा इतिहास सांगतों. दोन महिन्यांनीं मलाहि बरें वाटूं लागलें होतें, आणि मीहि गोळ्या सोडण्याच्या बेतांत होतों. आईनें समोर बसून त्या गिळावयास लाविल्या.

आतां त्या मुलाकडे परत येतों. तो आज चांगला पन्नाशीचा गृहस्थ असेल. तो कोठें आहे मला ठाऊक नाहीं. कदाचित् हें भाषण ऐकतहि असेल. मॅकमनचा इतिहास वाचतांना मला राहून राहून त्याची आठवण येई. होप-झायलर मोठे होते म्हणून त्यांची चूक पस्तीस वर्षें टिकली. मी मोठा नव्हतों, पण त्या वर्गांत माझ्याहून मोठें दुसरें कोणी नव्हतें. माझी चूक अजूनहि कोणाच्या मनांत टिकून असेल. म्हणून आज दुरुस्ती करतों. बाळ, तुझ्या गुडघ्यावरचा फेस घाणीचा नव्हता. तुझ्या रक्तांत लोहाचे कण आहेत, ते एका फार जुन्या कोंदणांत बसलेले आहेत, आणि त्या दिवशीं ते आपलें काम करीत होते. तुझा प्रश्न चांगला होता. उत्तर देण्यापूर्वीं मींच थोडें थांबावयास पाहिजे होतें.